सहा नंबरच्या सुया आणि जाळीची शाल

ताई,
सप्रेम नमस्कार. मी नाशिकची. वय ५२. आईकडून विणकाम शिकले, त्याला तीस वर्षं झाली. स्वेटर, टोपडी, मोजे, बाळंतविडे पुष्कळ केले. लेक ॲबर्डीनला शिकते. सुट्टीत ती बोटीने स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर गेली आणि तिथल्या लर्विक गावाहून माझ्यासाठी साय-रंगाची लेसची लोकर घेऊन आली. २५ ग्रॅमचे चार गुंडे, प्रत्येकी साधारण १७० मीटर. सोबत एका अमेरिकन मासिकातला पानांच्या जाळीच्या स्टोलचा नमुनाही आणला. १२१ टाके, दहा ओळींची वीण, सुया ६ नंबर. आईच्या ६ नंबरच्या सुया घरात होत्याच.
तीनदा सुरू केली, तीनदा उसवली. पहिल्या वेळी अठराव्या ओळीत ११८ टाके भरले. दुसऱ्या वेळी १२२. तिसऱ्या वेळी टाके बरोबर होते, पण पानं एका बाजूला सरकली. वीण इतकी मोकळी दिसते, की जाळी कुठली आणि टाका कुठला तेच कळत नाही. जाऊबाई म्हणतात, या वयात डोळे कशाला फोडून घेता, तुमचे स्वेटर छान असतात, तेच करा. मला वाटतं, तीस वर्षं मी एकच इयत्ता शिकते आहे. जाळी माझ्या हाताला येणार नाही का? आणि एक विचारते. ओळखीच्या एका बाईंनी आत्ताच सांगून ठेवलंय, झाली की अशीच एक मला करून द्या, पैसे देईन. त्यांना काय सांगू?

सप्रेम नमस्कार.

तुम्ही प्रत्येक वेळचे टाके मोजून लिहिलेत, म्हणून मला तुमच्या शेजारी बसल्यासारखं उत्तर देता येतंय. ११८, १२२ आणि तिसऱ्या वेळी पुरे १२१. या तीन आकड्यांत तीन वेगळ्या चुका आहेत आणि त्यातली एकही हाताची नाही.

आधी सुया. आपल्याकडच्या सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे. नंबर वाढला की सुई बारीक होते. आपली १२ नंबरची सुई नाजूक मोज्यांची आणि ६ नंबरची चांगली जाड, ५ मिलिमीटरची. अमेरिकेत याच्या उलट, नंबर वाढला की सुई जाड. त्यांची ६ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, म्हणजेच आपली ८ नंबर. तुम्ही ४ मिलिमीटरची शाल ५ मिलिमीटरवर विणत होतात. इतक्या बारीक लोकरीला एक मिलिमीटर फार होतो. साधा टाकाच जाळीएवढा मोठा होतो, मग खरी जाळी त्यात हरवते. तुम्हाला टाका आणि भोक वेगळं दिसेना, ते यामुळे. डोळ्यांना दोष देऊ नका. यापुढे बाहेरचा कुठलाही नमुना हातात आला की नंबर सोडून मिलिमीटर पाहा, आणि ते लिहिलेले नसतील तर नमुना कुठल्या देशातला ते पाहा.

आता आकडे. जाळी दोनच गोष्टींनी होते. दोरा पुढे घेऊन सुईला एक वेढा दिला, की एक टाका वाढतो आणि तिथे भोक पडतं. दोन टाक्यांचा एक केला, म्हणजे जोडी घेतली, की एक टाका कमी होतो. नमुन्यात या दोन्ही गोष्टी सारख्या संख्येने असल्या तर टाके तेवढेच राहतात आणि कापड रुंद-अरुंद न होता जाळी उमटते. सगळ्या लेसचा हिशेब एवढाच आहे. हा हिशेब डोक्यात बसला की चूक कुठल्या बाजूची ते आकडाच सांगतो.

११८ भरले, म्हणजे तीन वेढे कुठेतरी हरवले. बहुतेक उलट ओळीत, म्हणजे मागच्या बाजूने परत येतानाच्या ओळीत. वेढा सुईवर तिरपा, सैल पडलेला असतो. इतर टाक्यांच्या गळ्याशी लोकरीचा छोटा फास दिसतो, वेढ्याला तो नसतो. त्यामुळे उलट विणताना तो शेजारच्या टाक्याला चिकटून दोन्ही एकदम विणले जातात, किंवा सुईवरून घसरून जातो. घसरला तरी घाबरायचं कारण नाही. दोन टाक्यांच्या मधे लोकरीची एक आडवी काडी दिसते, ती डाव्या सुईच्या टोकाने उचला आणि उलट विणा. वेढा परत आला. भोक थोडं लहान वाटेल, पण धुऊन ताणलं की शेजाऱ्यांसारखं होतं.

१२२ भरले, तर एक वेढा आगंतुक आला किंवा दोनाचा एक करायचा राहिला. उलट ओळ विणून वळताना लोकर पुढेच राहिली की पहिल्या टाक्याशी असा नको असलेला वेढा पडतो. तो पुढच्या ओळीत सुईवरून सोडून दिला की झालं.

तिसरी वेळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. टाके बरोबर, पण पानं सरकलेली. एका टाक्याने सुरुवात चुकली, म्हणजे वेढा जिथे पडायचा त्याच्या शेजारी पडला आणि जोडीही तेवढीच सरकली. हिशेब जुळला, आकृती मोडली. मोजणीने ही चूक कधीच सापडत नाही. त्यासाठी टाके वाचावे लागतात. तीस वर्षं एकच इयत्ता, असं तुम्ही लिहिलंत. पुढची इयत्ता मला इथे दिसते. स्वेटर विणताना आपण सूचना वाचतो आणि हात चालवतो. जाळी विणताना हातातलं कापड वाचायचं असतं.

माझ्या आईची एक मैत्रीण बेळगावची होती. तिच्याकडे मी पहिली जाळी शिकले. ती मला ओळ सांगायचीच नाही. विणून झालेल्या भागावर माझं बोट ठेवायची आणि विचारायची, हा टाका कुठून आला? हा तिरपा का पडला, उजवीकडे की डावीकडे? याच्या खाली काय आहे? मला तेव्हा राग यायचा. मला शाल हवी होती आणि ती माझी परीक्षा घेत होती. दोन महिन्यांनी माझ्या लक्षात आलं, की कागद मिटून ठेवला तरी पुढची ओळ मला कळते, कारण खालची ओळच ती सांगते.

शेटलंडच्या अगदी उत्तरेला उन्स्ट नावाचं बेट आहे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या बायकांनी जगातली सर्वांत नाजूक म्हणावी अशी लेस विणली. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात शेटलंडची लेस मांडलेली होती. तिथली मेंढी उन्हाळ्याच्या तोंडाला आपली लोकर आपणच सोडते. ती कातरून काढण्याऐवजी हाताने उपटून घेत, आणि सर्वांत बारीक लेससाठी मानेजवळची मऊ लोकर निवडत. कमरेला चामड्याचा पट्टा, त्यावर भोकं पाडलेली गादी. एका सुईचं मागचं टोक त्या भोकात रोवलं की एक हात मोकळा होतो. पाठीवर इंधनाच्या पीटची टोपली घेऊन चालतानाही त्या विणत. अशी बाई वाटेत कागद कुठून बघणार? जाळ्या एकीच्या हातातून दुसरीच्या डोळ्यात आणि तिथून हातात गेल्या. अंगठीतून ओढून काढता येणारी शाल म्हटलं की आपल्याला काश्मीरची पश्मिना आठवते. ती मागावरची. उन्स्टच्या बायकांनी हे सुयांवर केलं. रशियात ओरेनबर्गच्या बायकांनी बकरीच्या लवेपासून केलं, एस्टोनियात हाप्सालूच्या बायकांनीही केलं. लेकीने तुम्हाला दिलेली लोकर या परंपरेतली आहे, तेव्हा तिला थोडी वाट पाहू द्या.

होय, ते चार गुंडे आत्ता कपाटात ठेवा. तीनदा उसवल्यामुळे सुरुवातीची लोकर कुरळी झाली असेल. ती खुर्चीच्या पाठीभोवती सैल लडी करून गुंडाळा, चार ठिकाणी दोऱ्याने सैल बांधा, कोमट पाण्यातून काढा आणि सावलीत टांगून वाळवा. सरळ होईल. शेटलंडची लोकर एका बाबतीत फार दयाळू आहे. तिचे तंतू एकमेकांना धरून राहतात, सुटलेला टाका सरसर खाली पळत नाही. पण त्याच कारणाने ती उसवताना चिकटते, ओढाताण केली तर तुटते. उसवणं जितकं कमी, तितकं बरं.

तोवर घरात उरलेली चारपदरी लोकर घ्या. फिकट, एकरंगी, गुळगुळीत. गडद रंगात टाके दिसत नाहीत, रंगीबेरंगी लोकरीत जाळी हरवते, आणि केसाळ लोकर शिकताना कधीच नको, ती उसवतच नाही. सुया ८ नंबर. त्यावर शेटलंडचीच एक जुनी वीण करा, तिला ओल्ड शेल म्हणतात. लाटांसारखी दिसते आणि चार ओळींतली एकच ओळ लक्ष देऊन विणायची असते.

५८ टाके घाला. दोन्ही कडांचे दोन-दोन टाके प्रत्येक ओळीत सुलट. मधले ५४ म्हणजे अठराचे तीन गट. पहिली ओळ सगळी सुलट. दुसरी उलट. तिसऱ्या ओळीत प्रत्येक गटात आधी तीनदा दोनाचा एक, मग सहा वेळा दोरा पुढे घेऊन एक सुलट, मग पुन्हा तीनदा दोनाचा एक. चौथी ओळ मागच्या बाजूने, पण सुलट विणायची. म्हणजे पुढच्या बाजूला एक उठावाची रेघ येते. एवढंच, पुन्हा पहिल्यापासून.

गट अठराचाच का राहतो ते स्वतः जुळवून बघा. सहा जोड्यांनी सहा टाके गेले, सहा वेढ्यांनी सहा आले. जोड्या एका जागी दाटीने आणि वेढे एका जागी दाटीने, म्हणून कापड एकीकडे आवळतं, दुसरीकडे पसरतं आणि लाट उठते. हे एकदा आपल्या बोटांखाली घडताना बघितलं की पुढे कुठलीही जाळी पाहिल्यावर तुम्ही आपोआप शोधाल, वेढे कुठे आणि त्यांच्या जोड्या कुठे. पानाच्या जाळीतही तेच चाललंय, फक्त जोडी वेढ्यापासून दूर ठेवली आहे. जोडी जिकडे झुकते तिकडे पानाची शीर झुकते.

झुकण्याचं थोडं सांगते, कारण स्वेटरमध्ये आपण त्याकडे फारसं पाहत नाही. दोन टाके एकत्र सुलट विणले की जोडी उजवीकडे झुकते. एक टाका न विणता उचलला, पुढचा सुलट विणला आणि उचललेला त्यावरून ओढून टाकला की ती डावीकडे झुकते. पानाच्या टोकाशी तीनाचा एक करायचा असतो आणि तो सरळ उभा राहायला हवा. त्यासाठी दोन टाके जोडीला घेतात तसे एकदम, पण न विणता उचला, पुढचा एक सुलट विणा, मग ते दोन्ही त्यावरून ओढा. मधला टाका वर येतो आणि पानाला सरळ शीर मिळते. तुमच्या नमुन्यात बहुतेक हाच असेल. असला, तर तुमची पडताळणीची खूण हीच. वरच्या पानाचा तीनाचा एक बरोबर कुठे बसायला हवा, ते एक पूर्ण पान नीट बघून एका वाक्यात वहीत लिहून ठेवा. पुढे प्रत्येक ओळीत ते वाक्य खरं आहे की नाही एवढंच बघायचं. १२१ टाके मोजण्यापेक्षा ते लवकर होतं, आणि सरकलेलं पान त्याच ओळीत पकडलं जातं.

ओल्ड शेलच्या दहा लाटा झाल्या, हात न अडखळता चालला, की लेकीची लोकर काढा. चौथी सुरुवात कशी करायची ते सांगते.

प्रत्येक आकृतीच्या शेवटी खुणेची रिंग घाला. प्लास्टिकची मिळते, नाहीतर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा छोटा फास करा, तो जास्त हलका असतो. मग १२१ टाके कधी मोजायचेच नाहीत. दोन रिंगांमधले दहा-बारा मोजायचे. एक इशारा. रिंगेच्या लगत वेढा असला की तो तिच्याखालून पलीकडे निसटतो. तिथे जरा थांबून बघा.

दुसरं म्हणजे आधारदोरा. इंग्रजीत याला लाइफलाइन म्हणतात. दहा ओळींची एक आवृत्ती पूर्ण झाली, टाके बरोबर भरले आणि पानं जागेवर आहेत अशी खात्री झाली, की बोथट सुईत रिळाचा गुळगुळीत सुती दोरा ओवा आणि सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून तो ओढून घ्या. रिंगांमधून जाऊ देऊ नका, नाहीतर रिंगा तिथेच अडकतात. पुढे चूक झाली तर सुई काढून घेऊन निर्धास्त उसवायचं. उसवणं त्या दोऱ्यापाशी थांबतं आणि सगळे टाके ओळीने उभे सापडतात. दोऱ्याचा रंग वेगळा हवा पण फिका. लाल दोरा ओला झाला आणि साय-रंगावर उतरला तर फार वाईट वाटतं, हे मी सोसलंय. मागचा दोरा काढण्याआधी पुढचा घाला, म्हणजे कायम एक तरी आत असतो. बारीक लेस विणणाऱ्या कितीतरी अनुभवी बायका हा दोरा घालतात. त्यात कमीपणा नाही.

तुमच्या नमुन्यात चौकटींचा तक्ता असला तर त्याला घाबरू नका. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बाईला तो वाचायला शिकवावा लागत नाही, फक्त दिशा सांगावी लागते. खालून वर जायचं, आणि पुढच्या बाजूची ओळ उजवीकडून डावीकडे वाचायची, कारण आपण सुईवर तसंच विणतो. पुष्कळ तक्त्यांत फक्त पुढच्या बाजूच्या ओळी दाखवतात, १, ३, ५ अशा. मधल्या सगळ्या उलट. तुम्ही सात ओळी करून तक्त्याच्या चौथ्या रेषेवर असाल, तर बरोबर आहात. चालू ओळीच्या वरच्या बाजूला मोजपट्टी ठेवा, खालच्या बाजूला नको. खालच्या ओळी उघड्या दिसल्या तरच त्या हातातल्या विणीशी ताडून बघता येतात.

हे काम दिवसा उजेडी, टीव्ही बंद असताना, अर्धा-पाऊण तासच करा. जाऊबाईंची डोळ्यांची काळजी मला खोटी वाटत नाही. बावन्नाव्या वर्षी जवळचा चष्मा बहुतेकांना लागतोच. तो तपासून घ्या, मांडीवर गडद कापड पसरा म्हणजे फिकट लोकर त्यावर उठून दिसेल, आणि ओळ अर्धी सोडून उठू नका. संध्याकाळी गप्पांत हाताला काम हवं असेल तर टोपडं ठेवा शेजारी. त्यासाठी टोपडंच बरं.

शाल पूर्ण झाली आणि टाके बंद केले, की ती तुम्हाला आवडणार नाही. हे आधीच सांगून ठेवते. चुरगळलेल्या फडक्यासारखी दिसेल, भोकं मिटलेली, कडा वळलेल्या. माझी पहिली शाल मी अशी बघितली आणि पिशवीत घालून वर्षभर ठेवून दिली. लेस पाण्यानंतर लेस होते. कोमट पाण्यात अर्धा तास भिजू द्या, चोळू नका, पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून त्यावर दाबा. मग गादीवर स्वच्छ चादर घालून शाल पसरा आणि मधून बाहेर ताणत न गंजणाऱ्या टाचण्यांनी कडा टोचत जा. आधी चार कोपरे, मग चार बाजूंचे मध्य, मग मधल्या जागा. कडेला पानांची टोकं असतील तर प्रत्येक टोकाला एक टाचणी. पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका. नाशिकच्या कोरड्या हिवाळ्यात एका दिवसात होईल, मुंबईच्या जुलैत फार वेळ लागला असता. टाचण्या काढाल तेव्हा शाल तशीच ताणलेली राहील, कारण लोकर ओली असताना दिलेला आकार वाळल्यावर धरून ठेवते. पुन्हा धुतली की पुन्हा ताणायची.

ॲक्रिलिक, म्हणजे कृत्रिम लोकर, हे करत नाही. सरावाची लोकर तशी असली, तर ओल्ड शेलची पट्टी धुऊन ताणलीत तरी ती हळूहळू आखडेल. तिला वाफ द्यावी लागते, इस्त्री वर धरून, न टेकवता. आणि जास्त वाफ लागली तर ती कायमची लुळी पडते, परत येत नाही. सरावाच्या पट्टीवर हे करून बघायला हरकत नाही. लेकीच्या शालीला मात्र पाणीच.

आता तुमचा मोठा प्रश्न, एकाच इयत्तेचा. तुम्ही तीस वर्षांत जे केलंत त्याने तुमचा ताण एकसारखा झालाय. ताण म्हणजे लोकर बोटांतून किती सैल-घट्ट सुटते ते. लेसला सगळ्यात आधी तोच लागतो आणि तो शिकवता येत नाही, वर्षांनीच येतो. बाळाच्या टोपड्याला तुम्ही जी फीत ओवायची भोकं करता, दोरा पुढे आणि दोनाचा एक, ती लेसच आहे. तुम्ही ती शंभर वेळा विणली असेल.

पुढे वाढायचं असेल तर एक वही आणि एक पट्टी सुरू करा. पट्टी म्हणजे ३०-४० टाक्यांची लांब नमुना पट्टी. नवी वीण दिसली की तिथे चार बोटं विणायची, दोन ओळी सुलट घालून वेगळी करायची, आणि पुढची. जिथे छापील नमुने नव्हते तिथे बायका अशाच पट्ट्या जपत आणि त्या बघून विणत. वहीत लोकर, सुईचे मिलिमीटर, धुण्याआधीचं आणि धुतल्यानंतरचं माप लिहा. वर्षभराने तुम्ही दोन विणी शेजारी ठेवून म्हणाल, ही कडेला आणि ही मधे छान दिसेल, आणि टाक्यांचा हिशेब स्वतः मांडाल. दुसऱ्याच्या नमुन्याची गरज त्या दिवशी संपत नाही, पण तुमचं त्याच्यावाचून अडत नाही.

पट्टीवर कधीतरी हाप्सालूचा नुप्प करून बघा. हाप्सालू हे एस्टोनियातलं समुद्रकाठचं गाव. एकोणिसाव्या शतकात औषधी चिखलाच्या स्नानासाठी तिथे पाहुणे येत आणि गावच्या बायकांच्या शाली विकत घेत. त्या शालींत जाळीच्या मधे छोटे उठावदार मणी दिसतात, लिलीच्या कळ्यांसारखे. एकाच टाक्यात सुलट आणि वेढा आळीपाळीने घेऊन पाच किंवा सात टाके करायचे आणि मागच्या बाजूने परत येतानाच्या ओळीत ते सगळे एकदम उलट विणून पुन्हा एक करायचा. पहिल्या दिवशी सुई त्या सात टाक्यांत शिरतच नाही. कारण आपण घट्ट विणतो. टाके मुद्दाम लांब, ढगळ ओढून घ्या, मग शिरते. मला हा मणी जमायला एक आठवडा लागला आणि त्या आठवड्यात मी फार आनंदात होते.

त्या ओळखीच्या बाईंना सांगा, आधी लेकीच्या लोकरीची माझी होऊ दे. पहिली शाल कुणाला विकू नका. आणि दुसरी करून द्याल तेव्हा लोकरीची किंमत आणि वर ‘काय द्यायचं ते द्या’ असं मुळीच म्हणू नका. आजपासून वहीत तास लिहा. माझी शेवटची स्टोल ८२ तासांची झाली. तुमचे तास आणि तुम्हाला योग्य वाटेल तो तासाचा भाव यांचा गुणाकार करून आकडा आधी सांगा. तो ऐकून त्या नको म्हणाल्या तर राग मानू नका, पण आकडाही कमी करू नका. हे मी इतक्या आग्रहाने लिहिते, कारण ज्या शेटलंडच्या लेसचं आपण कौतुक करतो, तिथल्या बायकांना तेव्हा रोख पैसे सहसा मिळतच नव्हते. दुकानदार शाल ठेवून घेई आणि बदल्यात चहा किंवा कापड देई. १८७२ साली सरकारी चौकशी झाली तेव्हा बायकांनी पुढे येऊन तशा साक्षी दिल्या. आपल्याकडेही बाळंतविडे विणणाऱ्या बायकांना ‘तुम्हाला काय, बसल्या बसल्या होतं’ हे ऐकावं लागतं. बसल्या बसल्या ८२ तास होतात.

जाऊबाईंना सरावाच्या पट्टीवर जरूर शेजारी बसवा. ओल्ड शेलची तिसरी ओळ त्यांना वाचून दाखवायला सांगा, तुम्ही विणा. तीन जोड्या, सहा वेढे, तीन जोड्या. माझा अनुभव असा, की दुसऱ्या लाटेपर्यंत वाचणारीच सुई मागते.

तुमची,
विणकामवाली ताई

ता. क. आईच्या ६ नंबरच्या सुया परत डब्यात टाकू नका. लेस ताणायची असते, म्हणून सुरुवातीची आणि शेवटची कड सैल लागते. ती घट्ट झाली तर मधलं कितीही ताणा, कडा आत ओढून धरतात. चौथ्या वेळी १२१ टाके आईच्या सुईवर घाला आणि पहिली ओळ ८ नंबरवर विणून घ्या. टाके बंद करायची वेळ आली की उजव्या हातात पुन्हा आईची सुई घ्या. दोन टाके एकत्र सुलट, झालेला एक परत डाव्या सुईवर, पुन्हा दोन एकत्र, असं शेवटपर्यंत.